'ऑर्डर द्या' दाबलं तरी काहीच होत नाही: चेकआउटच्या जुन्या दुखण्याचा छडा

ऑनलाइन दुकानाच्या चेकआउटबद्दल, म्हणजे ऑर्डर पक्की करण्याच्या पानाबद्दल, तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "बटण दाबतोय, पण काहीच होत नाही." मालक ती डेव्हलपरकडे पाठवतो. डेव्हलपर लॅपटॉपवर साइट उघडतो, कार्टमध्ये काहीतरी टाकतो, सरावाने फॉर्म भरतो आणि ऑर्डर बिनबोभाट जाते. मग ठरलेलं उत्तर: "माझ्याकडे चालतंय, ब्राउझर अपडेट करून बघायला सांगा." तक्रार बंद. काही दिवसांनी दुसऱ्याच ग्राहकाकडून तेच वाक्य पुन्हा.

या वाक्यातलं 'काहीच' शब्दशः घेतलं की तपास चुकतो. बटण खरोखर मेलेलं असणं विरळा. बहुतेक वेळा दाबल्यावर काहीतरी घडलेलं असतं, फक्त ते ग्राहकाच्या नजरेबाहेर घडलेलं असतं. त्यामुळे बटणाचा कोड उघडून बसण्याआधी दाबल्यावर जे झालं ते कुठे झालं, हे शोधा.

हे दुखणं वर्षानुवर्षं टिकतं, कारण आकडे ते झाकून टाकतात. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने अनेक अभ्यासांची सरासरी काढली आहे, त्यानुसार भरलेल्या कार्टपैकी सुमारे ७० टक्के कार्ट अर्धवट सोडली जातात. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, म्हणून आपल्याकडे ७० दिसले की 'चालायचंच' म्हणून सोडून दिलं जातं. पण नुसतं बघायला आलेला आणि घ्यायचं होतं पण बटण चाललं नाही म्हणून गेलेला, हे दोघंही त्या आकड्यात एकाच खान्यात पडतात. शिवाय तक्रार करणारे थोडे. बाकीचे गुपचूप दुसरीकडून घेतात.

आधी नीट विचारून घ्या

"कुठला ब्राउझर?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना देता येत नाही, आणि ते द्यावं अशी अपेक्षाही नको. त्याऐवजी विचारा: साइट कुठून उघडली? एखाद्या ॲपमधल्या लिंकवर टॅप करून की स्वतः शोधून? नाव-पत्ता हाताने टाईप केला की फोनने आपोआप भरला? दाबलं तेव्हा कीबोर्ड उघडा होता का? बटणाचा रंग फिका होता का? मध्ये कधी मागे जाऊन परत आलात का? या उत्तरांवर अर्धं निदान होतं. स्क्रीन रेकॉर्डिंग मिळालं तर सोन्याहून पिवळं, पण त्यात कार्डाचा नंबर येणार नाही हे आधी बजावून सांगा.

आणि तपासणी खऱ्या फोनवर करा. लॅपटॉपवर खिडकी अरुंद करून 'मोबाइल व्ह्यू' बघणं पुरेसं नाही, कारण तिथे कीबोर्ड वर येत नाही, आणि या प्रकरणातला निम्मा घोळ कीबोर्डच घालतो.

एरर आला, पण पडद्याबाहेर

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण. ग्राहक लांबलचक फॉर्मच्या तळाशी बटण दाबतो. मोबाइल नंबरात एक आकडा कमी आहे. साइट ते ओळखते आणि पानाच्या अगदी वर लाल पट्टी दाखवते: 'कृपया खालील चुका दुरुस्त करा.' लॅपटॉपवर फॉर्म एका नजरेत मावतो, तिथे ही पट्टी डोळ्यांत भरते. फोनवर ती तीन-चार पडदे वर असते. ग्राहकाच्या दृष्टीने काहीच झालेलं नाही, आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे.

याचीच दुसरी तऱ्हा म्हणजे तळाशी येणारा छोटा टोस्ट (क्षणभर दिसणारी सूचना), जो तीन सेकंदांत विरून जातो. आयफोनच्या सफारीत कीबोर्ड उघडला की पानाची मांडणी लहान होत नाही, कीबोर्ड तिच्यावर येऊन बसतो. अँड्रॉइडच्या क्रोमनेही १०८व्या आवृत्तीपासून हाच रिवाज धरला. म्हणजे तळाला चिकटवलेला टोस्ट कीबोर्डच्या मागे उगवतो आणि मागेच मावळतो. क्रोमपुरतं बोलायचं तर व्ह्यूपोर्टच्या (पानाच्या दिसणाऱ्या भागाच्या) मेटा टॅगमध्ये 'इंटरॲक्टिव्ह-विजेट' ही किल्ली देऊन मांडणी लहान करून घेता येते. मला मात्र एररसाठी टोस्ट वापरणंच पटत नाही. 'कार्टमध्ये टाकलं' एवढं सांगायला तो ठीक आहे. जे वाचून माणसाला काही करायचं आहे, ते तीन सेकंदांत गायब करायचं कशाला?

उपाय साधा आहे. फॉर्म नाकारला की चुकलेल्या पहिल्या रकान्यावर फोकस (टाईप करायची जागा) न्या आणि त्या रकान्याला चिकटूनच लाल ओळ दाखवा. वर स्टिकी हेडर (पान सरकवलं तरी चिकटून राहणारी पट्टी) असेल तर रकाना त्याच्याखाली जाऊन दडतो, म्हणून सीएसएसमध्ये (पानाच्या सजावटीच्या कोडमध्ये) 'स्क्रोल-मार्जिन-टॉप' हेडरच्या उंचीपेक्षा थोडं जास्त ठेवा. फोकस असलेली गोष्ट दुसऱ्या कशाखाली पूर्णपणे झाकली जाऊ नये, असा निकष ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२मध्ये (वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये) मुद्दाम घातलेला आहे. लाल ओळ 'एरिया-डिस्क्राइब्डबाय' या गुणधर्माने रकान्याशी जोडली की स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यालाही ती ऐकू येते. मजकुरात 'अवैध इनपुट' लिहू नका. 'मोबाइल नंबरात एक आकडा कमी आहे' असं लिहा.

लपलेला सक्तीचा रकाना

हे प्रकरण जरा खोलात बघण्यासारखं आहे, कारण इथे अक्षरशः काहीच होत नाही. लाल ओळ नाही, पट्टी नाही, टोस्टही नाही. आणि डेव्हलपरच्या हाती ते सहसा लागतही नाही.

समजा चेकआउटमध्ये 'बिलाचा पत्ता वेगळा आहे' असा चौकोन आहे. त्यावर टिचकी मारली की खाली दुसरा पत्ता उघडतो, काढली की मिटतो. त्या दुसऱ्या पत्त्यात 'शहर' हा रकाना 'रिक्वायर्ड' आहे. ग्राहक टिचकी मारतो, थोडं बघतो, विचार बदलतो, टिचकी काढतो. तो भाग 'डिस्प्ले: नन' होऊन नाहीसा होतो. पण नाहीसा झाला तो फक्त डोळ्यांपुरता. ब्राउझरच्या लेखी तो रकाना फॉर्ममध्ये आहे, सक्तीचा आहे आणि रिकामा आहे.

आता ग्राहक 'ऑर्डर द्या' दाबतो. ब्राउझर पाठवण्याआधी स्वतःची तपासणी करतो, त्याला रिकामा 'शहर' सापडतो, तो त्यावर फोकस न्यायला जातो, पण न दिसणाऱ्या रकान्यावर फोकस जात नाही. मग तो पाठवणं रद्द करतो आणि गप्प बसतो. क्रोम फक्त कन्सोलमध्ये (डेव्हलपरसाठीच्या नोंदींच्या खिडकीत) एक ओळ लिहितो: अमुक नावाचा फॉर्म कंट्रोल 'नॉट फोकसेबल' आहे. ग्राहक काही कन्सोल उघडून बसलेला नसतो. डेव्हलपर तपासताना त्या चौकोनाला हातच लावत नाही, त्यामुळे त्याच्याकडे सगळं 'चालतंय'.

हाच सापळा आणखी दोन ठिकाणी हमखास असतो. पहिलं, अटी मान्य असल्याचा चौकोन. खरा चेकबॉक्स 'डिस्प्ले: नन' करून त्याच्या जागी सुबक चित्र ठेवलेलं असतं. टिचकी राहिली की बटण मुकं. दुसरं, सुंदर दिसणारे ड्रॉपडाउन, ज्यांच्या पोटात खरा 'सिलेक्ट' लपवलेला असतो आणि त्यावर 'रिक्वायर्ड' तसंच राहिलेलं असतं.

पत्त्यासारखा अख्खा भाग लपवायचा असेल तर त्याचे रकाने एका 'फील्डसेट'मध्ये (रकान्यांच्या गटात) ठेवा आणि लपवताना त्या फील्डसेटलाच 'डिसेबल्ड' करा. डिसेबल्ड रकाने ब्राउझर तपासतही नाही आणि पाठवतही नाही, म्हणजे दोन्ही कामं एका फटक्यात होतात. चेकबॉक्स सजवायचा असेल तर खरा चेकबॉक्स नाहीसा करू नका. तो पारदर्शक करून चित्राच्या जागेवरच बसवा, म्हणजे फोकस जातो आणि ब्राउझरची सूचनाही योग्य जागी उगवते. काही जण फॉर्मला 'नोव्हॅलिडेट' (ब्राउझरची तपासणी बंद करणारी खूण) लावून मोकळे होतात. ते चालतं, पण मग तपासणीची सगळी जबाबदारी तुमच्या जावास्क्रिप्टवर आली हे ध्यानात असू द्या. 'फॉर्म डॉट सबमिट' थेट बोलावणं हाही पळवाटेचाच मार्ग. ती पद्धत ब्राउझरची तपासणी गुंडाळून ठेवते आणि अर्धवट पत्ते सर्व्हरवर येऊन पडतात.

फिकं बटण

'सगळं बरोबर भरेपर्यंत बटण बंद' ही युक्ती डिझायनरना फार आवडते. मला ती मुळातच चुकीची वाटते. बंद बटण ग्राहकाला काय राहिलं ते सांगत नाही. तो वर-खाली शोधत बसतो. त्यात ऑटोफिलची भर. कितीतरी फॉर्म 'कीअप' (की दाबून सोडल्याची खबर) ऐकून ठरवतात की रकाना भरला की नाही. फोनने नाव-पत्ता आपोआप भरला तर एकही की दाबली गेलेली नसते, त्यामुळे पान समजतं की फॉर्म रिकामा आहे. ग्राहकासमोर भरलेला फॉर्म आणि न उठणारं बटण. निदान 'इनपुट' आणि 'चेंज' (रकान्यातला मजकूर बदलल्याच्या खबरा) ऐका. त्याहून बरं म्हणजे बटण कायम चालू ठेवा आणि दाबल्यावर काय राहिलं ते दाखवा.

बंद बटणाचा आणखी एक तोटा: कीबोर्डवरचं 'गो' किंवा 'एंटर'ही चालत नाही. पाठवण्याचं बटण बंद असेल तर ब्राउझर त्या वाटेनेही फॉर्म पाठवत नाही. बटण फॉर्मच्या बाहेर एखाद्या साध्या 'डिव्ह'ने बनवलेलं असेल आणि रकाने एकाहून जास्त असतील, तरीही हेच. तिथे खरं 'सबमिट' बटण वापरा, बाकी सगळं ब्राउझर बघून घेतो.

बरोबर भरलं, तरी नाकारलं

ईमेल टाकताना कीबोर्डने सुचवलेला पत्ता निवडला की त्याच्या शेवटी एक स्पेस चिकटून येते. रकाना 'ईमेल' प्रकारचा असेल तर ब्राउझर ती स्वतःच काढतो. 'टेक्स्ट' ठेवून स्वतःचं रेजेक्स (मजकूर तपासायचा साचा) लावलं असेल तर तो पत्ता नापास, आणि चूक डोळ्यांना दिसत नाही. मोबाइल नंबरात लोक स्पेस, आडवी रेघ, अधिकचं चिन्ह टाकतात. टाकू द्या, नंतर तुम्ही काढा. कीबोर्ड मराठी किंवा अरबी असेल तर आकडेही त्या लिपीतले येऊ शकतात. जावास्क्रिप्टच्या रेजेक्समधला 'बॅकस्लॅश डी' फक्त इंग्रजी आकडे ओळखतो, तर पायथन ३मधला तोच 'बॅकस्लॅश डी' देवनागरीही ओळखतो. त्यामुळे सर्व्हरला चालणारा नंबर पानावरच अडतो, किंवा पानावरची तपासणी काढली की देवनागरी नंबर तसाच पुढे जाऊन एसएमएस पाठवणाऱ्या सेवेत अडकतो. आकडे आल्या आल्या एका लिपीत आणा, मग तपासा.

नंबरासाठी 'नंबर' प्रकारचा रकाना वापरू नका. तो मोजायच्या संख्येसाठी आहे. ओळख पटवणाऱ्या आकड्यांसाठी नाही. सुरुवातीची शून्यं हरवणं, माउसचं चाक फिरलं की आकडा बदलणं, असले प्रकार त्यात होतात. ब्रिटन सरकारच्या डिझाइन सिस्टीमनेही २०२० साली तो सोडून साधा रकाना आणि 'इनपुटमोड: न्युमेरिक' ही जोडी स्वीकारली.

बटणावर दुसरंच कोणीतरी बसलंय

चॅटचा बुडबुडा दिसतो लहान, पण त्याचा आयफ्रेम (पानात बसवलेली दुसऱ्या पानाची चौकट) बराच मोठा आणि पारदर्शक असू शकतो. कुकीची पट्टी बंद केल्यावर तिचा पडदा मागे राहिलेला असतो. अशा वेळी बोट बटणावर पडतं, टॅप मात्र पडद्याला लागतो. फोन केबलने लॅपटॉपला जोडा, क्रोममध्ये 'इन्स्पेक्ट' उघडा (आयफोनसाठी मॅकवरचा सफारी लागतो) आणि बटणाच्या जागेचे आकडे देऊन 'एलिमेंट-फ्रॉम-पॉइंट' विचारा. उत्तरात बटणाऐवजी भलतंच नाव आलं की चोर सापडला. हे पाच मिनिटांचं काम आहे, तरी लोक तासन् तास झेड-इंडेक्सशी (कोण वर, कोण खाली हे ठरवणाऱ्या आकड्याशी) झुंजत बसतात.

तळाशी चिकटवलेल्या बटणाखाली 'सेफ-एरिया-इनसेट-बॉटम'एवढी जागा सोडा, नाहीतर आयफोनच्या खालच्या आडव्या रेघेशी त्याची झटापट होते.

मागे जाऊन आल्यावर मेलेलं बटण

हे मला सगळ्यात आवडतं, कारण चांगल्या हेतूने लिहिलेल्या कोडमधूनच हा घोटाळा जन्मतो. ऑर्डर दोनदा जाऊ नये म्हणून दाबल्याबरोबर बटण बंद करतात आणि त्यावर 'थांबा…' लिहितात. ग्राहक पेमेंटच्या पानावर जातो, तिथे त्याला पत्ता चुकल्याचं आठवतं, तो मागे येतो. ब्राउझर आधीचं पान नव्याने आणत नाही. गोठवून ठेवलेलं जसंच्या तसं परत उभं करतो. त्यात बटण बंदच असतं. पत्ता दुरुस्त झाला, 'थांबा…' काही जात नाही. ग्राहक खरोखर थांबतो, मग निघून जातो.

'पेजशो' हा इव्हेंट ऐका, त्यातलं 'पर्सिस्टेड' खरं असेल तर बटण पुन्हा जिवंत करा. नेटवर्क तुटून विनंती फसली तरी बटण परत उठलं पाहिजे, म्हणून ते उठवण्याची ओळ यशाच्या फांदीत न ठेवता काहीही झालं तरी चालणाऱ्या 'फायनली'त ठेवा.

आणि दुहेरी ऑर्डर थांबवण्याची भिस्त बटणावर ठेवूच नका. ते काम सर्व्हरचं. पान उघडताना प्रत्येक चेकआउटला एक वेगळी खूणकिल्ली द्या. तीच किल्ली घेऊन दुसरी विनंती आली तर नवी ऑर्डर न बनवता आधीचंच उत्तर परत करा. म्हणजे ग्राहकाने अधीर होऊन पाच वेळा दाबलं तरी पैसे एकदाच कापले जातात. तो अधीर होऊ नये म्हणून बटणाने बोटाला लगेच दाद दिली पाहिजे. टॅपला पान किती लवकर दाद देतं हे सांगणाऱ्या गूगलच्या आयएनपी या मोजमापात २०० मिलिसेकंदांपर्यंतची दाद चांगली धरतात. हे मोजमाप मार्च २०२४पासून कोअर वेब व्हायटल्समध्ये (गूगलच्या साइटच्या दर्जाच्या मुख्य मोजमापांमध्ये) आलं. ऑर्डर पूर्ण व्हायला काही सेकंद लागले तर लागू देत. बटणाचा रंग आणि मजकूर मात्र तत्क्षणी बदलला पाहिजे.

मोजणाऱ्या स्क्रिप्टने केलेला घात

बटण दाबल्यावर आधी ॲनालिटिक्सला (मोजणी करणाऱ्या स्क्रिप्टला) कळवायचं आणि मग फॉर्म पाठवायचा, असा क्रम बऱ्याच साइटवर असतो. ग्राहकाकडे जाहिरातरोधक असेल तर ती स्क्रिप्ट येतच नाही. तिचं फंक्शन बोलावलं की एरर, आणि पुढची ओळ, म्हणजे खरी ऑर्डर, चालतच नाही. आधी ऑर्डर, मग मोजणी, तीही एरर झेलणाऱ्या 'ट्राय-कॅच'मध्ये. विक्री मोजणाऱ्यानेच विक्री अडवली आणि त्याच्या अहवालात ती अडवणूक दिसतही नाही, यापेक्षा मोठा विनोद नाही.

न उघडलेली पेमेंटची खिडकी

पेमेंट नव्या खिडकीत उघडत असेल आणि त्याआधी सर्व्हरला विचारणा होत असेल, तर खिडकी उघडेपर्यंत ब्राउझरला वाटतं की हे ग्राहकाच्या टॅपमुळे नाही, पान स्वतःहून करतंय. तो तिला पॉपअप समजून अडवतो. सफारी याबाबत जास्त कडक. सोशल मीडिया ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये तर नवी खिडकी उघडेलच याची खात्री नसते. त्याच टॅबमध्ये पेमेंटच्या पानावर न्या, प्रश्न मिटतो.

पुढच्या वेळी तक्रारीची वाट बघू नका

रकाना नापास झाला की ब्राउझर 'इनव्हॅलिड' इव्हेंट सोडतो, लपलेल्या रकान्यासाठीसुद्धा. तो वरच्या घटकांपर्यंत चढत नाही, म्हणून फॉर्मवर 'कॅप्चर' टप्प्यात ऐकावा लागतो. 'नोव्हॅलिडेट' लावलं असेल तर तो आपणहून येणार नाही. तिथे तुमच्या तपासणीतूनच नोंद सोडा. रकान्याचं नाव आणि नापास होण्याचं कारण एवढंच 'सेंड-बीकन'ने स्वतःच्या सर्व्हरवर पाठवा. त्यात टाकलेली माहिती अजिबात पाठवू नका; कोणाचा पत्ता किंवा कार्ड नंबर लॉगमध्ये साठवणं म्हणजे नवीनच संकट. जोडीला 'विंडो-एरर' पकडा, आणि बटणावर टॅप किती झाले व सर्व्हरवर ऑर्डरच्या विनंत्या किती पोचल्या, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवा. टॅप जास्त आणि विनंत्या कमी असतील तर गळती पानातच आहे. त्या दिवशीची 'इनव्हॅलिड'ची यादी काढा. एकच नाव पुन्हा पुन्हा वर येतं, बहुधा कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या रकान्याचं.

टॅपच नोंदले जात नसतील तर दोनच शक्यता उरतात: बटणावर काहीतरी बसलंय, किंवा जावास्क्रिप्ट फोनपर्यंत पोचलंच नाही. दुसऱ्यासाठी फॉर्मला खरा 'ॲक्शन' आणि 'पोस्ट' (कुठे आणि कसं पाठवायचं ते) देऊन ठेवा, म्हणजे स्क्रिप्ट न येताही ऑर्डर सर्व्हरवर जाईल.